संबळाशेजारी बसणारा ड्रमसेट

परभणीत आमचा पाच जणांचा बॅंड आहे. दोन गिटार, पेटी, संबळ आणि ड्रम असा आमचा मेळ असून आम्ही प्रामुख्याने गोंधळाची गाणी, भारुडे आणि गौळणी वाजवतो. ड्रम माझ्याकडे आहेत. सरावासाठी शहराबाहेरच्या एका बंद पडलेल्या जिनिंगचे पत्र्याचे शेड आम्हाला मिळाले आहे आणि बुधवार-रविवार संध्याकाळी आम्ही तेथे बसतो. तीन वर्षे आम्ही एका साऊंडवाल्याकडून दिवसाला बाराशे रुपये भाड्याने ड्रमसेट आणत होतो. भाड्याचा सेट लग्नाच्या वरातीतून, गणपतीच्या मांडवातून फिरून आलेला असे आणि प्रत्येक वेळी त्याचा आवाज वेगळा लागे. बुधवारी बसवलेली लय रविवारी त्याच हाताने वाजवूनही वेगळी ऐकू येई, कारण वाद्यच वेगळे असे. गेल्या दिवाळीनंतरच्या कार्यक्रमांतून आम्ही पंचेचाळीस हजार रुपये बाजूला ठेवले आणि स्वतःचा सेट घेण्याचे ठरवले. त्या खरेदीला जवळजवळ दोन महिने लागले.

पहिला विचार इलेक्ट्रॉनिक सेटचा झाला. त्याचे फायदे खरे आहेत. जाळीच्या पॅडवर वाजवले तर शेजाऱ्याला केवळ काठीची टकटक ऐकू येते, कानाला हेडफोन लावून रात्रीसुद्धा सराव करता येतो, आणि घराला घर लागून असलेल्या वस्तीत तर दुसरा पर्यायच नसतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि साधा ड्रमसेट जवळून मोजला तर शंभर डेसिबलच्या पुढे सहज जातो. परंतु आमच्या शेडच्या आजूबाजूला वस्ती नाही आणि आम्ही नऊच्या आत आवरते घेतो. उलट तेथे वीज कधी जाईल याचा भरवसा नाही. वीज गेली तर गिटारवाले तारा छेडून काम भागवतात, पेटी आणि संबळ यांना तर विजेशी देणेघेणेच नाही; अशा वेळी ड्रमवाल्याने हात बांधून बसायचे हे मला पटले नाही. शिवाय त्या सेटच्या किमतीत स्पीकर धरलेला नसतो. पॅडचा आवाज संबळाच्या बरोबरीने उभा राहावा एवढा स्पीकर घ्यायचा म्हटले की आमचे बजेट तेथेच संपत होते.

दुसरा पर्याय दुकानातला नवा कोरा सेट हा होता. अडतीस हजारांत पाच ड्रम, स्टँड, पेडल, स्टूल आणि झांजा असे सगळे एकाच खोक्यात मिळत होते. हा सेट मी दोनदा जाऊन वाजवून पाहिला. ड्रमच्या खोडांबद्दल, म्हणजे त्यांच्या पोकळ नळकांड्यांबद्दल, माझी तक्रार नव्हती. पॉप्लर हे स्वस्त लाकूड असले तरी त्याच्या थरांचे खोड गोल आणि काठ सरळ असेल, तर त्यावर चांगले हेड, म्हणजे वाजवायचा ताणलेला पडदा, चढवून उत्तम आवाज काढता येतो. अडचण झांजांची होती. स्वस्त सेटबरोबर येणाऱ्या झांजा बहुतेक पितळेच्या असतात. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. काशात मात्र तांब्याबरोबर कथिल असते, आणि ड्रमच्या चांगल्या झांजा काशाच्याच करतात. मधल्या किमतीच्या झांजांत कथिलाचे प्रमाण साधारण आठ टक्के असते आणि उंची झांजांत वीस टक्के, म्हणजे घंटेच्या धातूच्या जवळपास. हा फरक ज्याला ऐकायचा असेल त्याने घरातली तळपाय घासायची काशाची वाटी बोटांच्या टोकांवर तोलून तिला नखाने टिचकी मारावी आणि नंतर तशीच टिचकी पितळी वाटीला मारावी. काशाचा नाद पसरतो, हळूहळू विरतो आणि विरता विरता त्याचा रंग बदलत जातो. पितळेचा एकदम ठण्ण होऊन तेथेच थांबतो. दुकानातल्या सेटचा क्रॅश, म्हणजे ठोक्याला जोर देणारी झांज, वाजवला की स्वयंपाकघरात परात पडल्यासारखा आवाज होई, आणि गौळण गाणाऱ्याच्या आवाजाशेजारी तो मला अजिबात नको होता.

येथे एक गोष्ट मी फार उशिरा शिकलो, ती लिहून ठेवतो. ड्रमचा आवाज पुढे सुधारता येतो. हेड बदलता येते, चावीने ताण कमी-अधिक करता येतो, आत गोधडी ठेवता येते. झांजेचा आवाज मात्र तिच्या धातूत आणि ठोकणीत कायमचा ठरलेला असतो. म्हणून पैसे थोडे असतील तर खोडे जुनी चालतात, पण झांजांवर हात आखडता घेऊ नये, या मतावर मी आलो आणि जुन्या सेटच्या शोधाला लागलो.

पहिल्याच सौद्यात फसवणूक झाली. जवळच्या तालुक्याच्या गावातील एका विक्रेत्याने फोनवर चित्रफीत पाठवून सेट मेपलच्या चांगल्या लाकडाचा असल्याचे सांगितले. चकाकत्या लाल वेष्टनातला तो सेट पडद्यावर देखणा दिसत होता आणि मी दोन हजार रुपये विसार पाठवून मोकळा झालो. प्रत्यक्ष जाऊन फ्लोअर टॉमचे, म्हणजे जमिनीवर पायांवर उभ्या राहणाऱ्या ड्रमचे, हेड उघडले तेव्हा आत ओल लागून फुगलेले थर दिसले, दोन ठिकाणी लांबी भरून वरून रंग दिला होता आणि ज्या काठावर हेड टेकते तो काठ नखाएवढा तुटलेला होता. विसार परत मिळाला नाही. त्या दिवशी परतताना संबळ वाजवणारे आमचे आबा सोबत होते. आबा वयाने साठीच्या पुढचे, घराण्याने गोंधळी, आणि बोलणे मोजके. ते एवढेच म्हणाले, “लेकरा, गाडगं घ्यायचं म्हनलं तरी टिचकी मारून बघतो आपन. एवढं मोठं वाद्य न बघता कसं काय सांगून टाकलं?”

त्यानंतर जे काही पाहिले ते आबांना बरोबर घेऊनच पाहिले.

मनाजोगता सेट छत्रपती संभाजीनगरला सापडला. नोकरीसाठी पुण्याला जाणाऱ्या एका तरुणाला तो विकायचा होता. सकाळच्या गाडीने सेलू, परतूर, जालना करत आम्ही पोहोचलो तेव्हा त्याने सेट मांडूनच ठेवला होता. पायाने वाजवायचा वीस इंची बेस ड्रम, दहा आणि बारा इंची दोन छोटे ड्रम म्हणजे टॉम, सोळा इंची फ्लोअर टॉम आणि खाली तारा ताणलेला चौदा इंची पोलादी स्नेअर. बेस ड्रम बावीसऐवजी वीस इंची असणे माझ्या पथ्यावर पडले. मोठा बेस ड्रम मैदानात भारदस्त वाटतो, पण पत्र्याच्या शेडमध्ये तो घुमत राहतो आणि संबळाच्या खर्जावर चढून बसतो. शिवाय छोट्या टेम्पोत चढवायलाही वीस इंची बरा.

मी आधी काहीच वाजवले नाही. त्या मुलाची परवानगी घेऊन एकेका ड्रमचे वरचे हेड चावीने सोडवले. काठ तपासायला पूर्ण सपाट पृष्ठभाग लागतो, म्हणून त्याच्या आईंना विचारून स्वयंपाकघराचा कडप्प्याचा ओटा रिकामा करून घेतला. त्यांनी मिसळणाचा डबा, पोळपाट, शेगडी असे सगळे बाजूला केले आणि ओटा कोरडा पुसूनही दिला. बारा इंची टॉमचा उघडा काठ ओट्यावर उपडा टेकवला. खालच्या बाजूचे हेड त्या टॉमचे पारदर्शक होते, म्हणून त्यावर मोबाइलची बॅटरी लावून प्रकाश आत सोडला, खिडकी लावून घेतली आणि ओट्याच्या पातळीला डोळा आणून काठाभोवती पाहिले. काठ आणि दगड यांच्यामधून कोठेही उजेड येत नव्हता. खोड थोडे फिरवून पुन्हा पाहिले, कारण चूक ओट्याची की खोडाची हे फिरवल्याशिवाय कळत नाही. दहा इंचीही स्वच्छ निघाला. फ्लोअर टॉमच्या बाबतीत मात्र एका बाजूला सुतासारखी उजेडाची रेघ दिसली आणि खोड फिरवले तशी तीही खोडाबरोबर फिरली. म्हणजे काठ तेथे दबलेला होता. जाड पोस्टकार्डाचा कोपरा त्या फटीत जेमतेम सरकला.

मग टेपने प्रत्येक खोडाचा व्यास तीन-चार दिशांनी मोजला. खोड लांबट झाले असेल तर हेड एका बाजूला ओढले जाते आणि कितीही चावी फिरवली तरी सूर एकसारखा लागत नाही. येथे फरक दोन मिलिमीटरच्या आतच होता. ताणाचे सगळे स्क्रू हाताने फिरवून पाहिले तेव्हा बेस ड्रमचे दोन आटे गेलेले आढळले. स्नेअरच्या खालच्या तारांची पट्टी एका टोकाला सैल पडली होती, त्यामुळे ड्रम गप्प असतानाही ती कुरकुरत होती. पेडलचा सांधा डावी-उजवीकडे डुलत होता. एवढे सगळे होईपर्यंत दीड तास गेला, पण त्या मुलाने एकदाही कंटाळा दाखवला नाही. उलट फ्लोअर टॉमचा दोष त्यालाही माहीत नव्हता, म्हणून तो स्वतः ओट्याशी वाकून पाहत राहिला. त्याने एकवीस हजार सांगितले होते, दोष समोर दिसल्यावर सतरा हजारांवर सौदा ठरला. त्याच्या पितळी झांजा त्याने तशाच देऊन टाकल्या, त्या आता शेडमध्ये खिळ्याला टांगलेल्या आहेत.

झांजा मी त्याच दिवशी शहरातल्या एका ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या गृहस्थांकडून घेतल्या. चौदा इंची हायहॅटची, म्हणजे पायाने एकमेकींवर मिटवायच्या झांजांची, जोडी आठ टक्के कथिलाची, साडेसात हजारांना. आणि अठरा इंची क्रॅश-राइड वीस टक्क्यांचा, साडेसहा हजारांना. जुनी झांज घेताना डोळ्यांपेक्षा नखाचा उपयोग अधिक होतो. झांज उभी धरून तिच्या कडेवरून अंगठ्याचे नख पूर्ण वर्तुळभर फिरवायचे. बारीक तडा डोळ्याला दिसत नाही, पण नख तेथे अडखळते. मधल्या भोकाकडेही पाहायचे, कारण स्टँडवर रबरी नळी नसताना झांज वाजवत राहिले तर लोखंडी दांडा ते भोक खाऊन लांबट करतो आणि तडा तेथूनही सुरू होतो. हायहॅटची खालची झांज किंचित घासलेली होती, एवढेच. क्रॅश-राइड बोटावर टांगून मी काठीने हलकेच टोकला, तेव्हा आबांनी हात वर करून मला थांबवले आणि तो नाद पूर्ण विरेपर्यंत कोणी बोलले नाही. “हा घ्या,” असे ते म्हणाले आणि भावाची घासाघीस त्यांनीच केली. त्याच एका झांजेच्या कडेवर क्रॅश आणि मधल्या भागावर राइड, म्हणजे सलग लय धरणे, असे दोन्ही काम भागते, म्हणून वेगळा राइड तूर्त घेतला नाही.

पेडल मात्र नवे घेतले, अठ्ठेचाळीसशे रुपयांचे. बसलेल्या एका माणसाने हातांनी स्नेअर आणि पायाने बेस ड्रम वाजवावा, ही आजच्या ड्रमसेटची मूळ कल्पना पेडलवरच उभी आहे. अमेरिकेत विल्यम लुडविग यांनी १९०९ च्या सुमारास जलद चालणारे पेडल तयार केले आणि त्यानंतर ती वादनपद्धती पसरली. डुलणारे पेडल घेऊन सराव केला तर पाय त्याच्या दोषाशी जुळवून घेतो आणि ती सवय नंतर मोडत नाही, असे माझे मत आहे.

हेडांवर साडेसहा हजार खर्च झाले. हेड म्हणजे आपल्या तबल्या-ढोलकीच्या भाषेत पुडी, फक्त ती कातड्याची नसून पॉलिएस्टरच्या फिल्मची असते. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात ही फिल्म ड्रमवर आली, तोपर्यंत पाश्चात्त्य ड्रमही कातड्याचेच होते. टॉम आणि फ्लोअर टॉमसाठी दोन थरांची हेडे घेतली, कारण ती जास्त टिकतात आणि आवाज आटोपशीर ठेवतात. स्नेअरसाठी पांढऱ्या खरबरीत लेपाचे एका थराचे घेतले. खालच्या बाजूच्या हेडांवर काठी पडत नाही, म्हणून ती जुनीच ठेवली. दहा इंची टॉमसाठी आम्ही हेड घेतले नाही, त्याचे कारण पुढे येते. स्नेअरच्या तारा आणि दोन स्क्रू यांचे सातशे, आणि परभणीपर्यंत परतीच्या भाड्यात सामान आणणाऱ्या छोट्या हत्तीचे बावीसशे. माझ्या वहीत सगळ्याची बेरीज पंचेचाळीस हजार दोनशे झाली. दोनशे रुपये आबांनी खिशातून काढून दिले आणि परत घेतले नाहीत.

फ्लोअर टॉमचा काठ आमच्या गल्लीतल्या सुताराने सरळ केला. रंधा लावायचा नाही हे मी त्यांना आधीच सांगितले होते. सपाट कडप्प्यावर बारीक पॉलिश पेपर चिकटवून त्यावर खोड उपडे ठेवले आणि कोठेही जोर न देता दोन्ही हातांनी गोल गोल फिरवले. दर पाच-सहा फेऱ्यांनंतर खोड उचलून काठावर बोट फिरवायचे, पुन्हा फिरवायचे. तासाभरात उजेडाची रेघ नाहीशी झाली. आतल्या बाजूचा उतार त्यांनी हातानेच बारीक पेपरने घासून जुळवून दिला आणि शेवटी मी त्यावर मेणबत्ती फिरवली, म्हणजे हेड काठावर अडकत नाही.

ट्यूनिंगला एक अख्खा रविवार गेला, आणि या सगळ्या प्रक्रियेतला मला सर्वांत आवडलेला दिवस तोच. स्क्रू आधी बोटांनी घट्ट करायचे, मग चावीने अर्धा अर्धा फेरा द्यायचा, पण शेजारचा स्क्रू कधीच घ्यायचा नाही. ट्रॅक्टरच्या चाकाचे नट जसे समोरासमोर आवळतात तसेच समोरासमोर जायचे. मग प्रत्येक स्क्रूजवळ, काठापासून दोन बोटे आत, काठीने टोकायचे आणि सगळीकडे एकच सूर येतो का ते ऐकायचे. मी माझ्या सवयीने दोन्ही टॉम चढे लावले होते. आबांनी संबळ वाजवायला घेतला आणि चार आवर्तनांनंतर काठ्या खाली ठेवल्या. टोकाला वळवलेली काठी जेथे पडते तेथला नाद आणि माझ्या दहा इंची टॉमचा नाद एकमेकांवर आदळत होते. ऐकणाऱ्याला संबळ कोणता आणि टॉम कोणता हे कळत नव्हते. दहा इंची टॉम मी तेथेच काढून ठेवला. बारा इंची बराच खाली आणला, फ्लोअर टॉम त्याहूनही खाली, हेडवर सुरकुती पडते की काय असे वाटण्याइतका. मग संबळ मोकळा झाला. चार ड्रमांचा सेट घ्यावा की पाच, या प्रश्नावर आम्ही पूर्वी उगाच वाद घातला होता. आमच्या मेळात चारच पुरतात, पाचव्यासाठी जागा नाही.

एक गोष्ट मात्र आम्हाला वाजवता वाजवता कळली. संबळाचे कातडे हवेप्रमाणे बदलते. दुपारच्या कोरड्या उन्हात ते चढते आणि अंधार पडून गारवा आला की उतरते. हलगीवाले हलगी शेकतात ते याच कारणाने. माझी फिल्मची हेडे मात्र संध्याकाळभर बहुतेक जागच्या जागी राहतात. त्यामुळे पाच वाजता जुळवलेला संबळ आणि टॉम यांचा मेळ आठ वाजता राहत नाही. आता आबा आधी संबळ लावतात आणि त्यानंतर मी चावी हातात घेतो, आणि सातच्या सुमारास चहा होतो तेव्हा दोघेही पुन्हा एकदा तपासतो.

शेडच्या आवाजालाही हात लावावा लागला. पत्र्यावर आपटून येणारा स्नेअरचा प्रतिध्वनी डोके उठवत असे. जिनिंगमध्ये पडून असलेली बारदाने धुऊन वाळवली, त्यांत टाकाऊ सरकीची रुई भरली आणि ड्रमच्या मागच्या भिंतीवर तारेने टांगली. घरून आणलेल्या दोन जुन्या वाकळी बाजूच्या भिंतीवर लावल्या. तिसरी, लहान मुलाच्या अंथरुणाची गोधडी, बेस ड्रमच्या आत अशी ठेवली की तिची घडी मारायच्या हेडला जेमतेम टेकते. तेवढ्याने त्याचा ‘बूऽऽम’ जाऊन ‘धप’ उरला. फरशीवर सतरंजी आणि तिच्यावर बेस ड्रमच्या पायांपुढे एक लाकडी पट्टी ठोकली, नाही तर दर गाण्याला ड्रम वीतभर पुढे सरकत होता.

स्टूलसाठी पैसे उरले नव्हते, म्हणून पहिला महिना मी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलो आणि त्याची किंमत कमरेने मोजली. खुर्चीची कड मांडीखाली रुतते, उंची बदलता येत नाही आणि गुडघा मांडीपेक्षा वर राहिला की पेडलवरचा पाय लवकर थकतो. स्टूल ही शेवटी घ्यायची वस्तू आहे असे मी धरले होते, ते चुकले. माघातल्या एका कार्यक्रमाच्या बिदागीतून बत्तीसशेचे स्टूल घेतले. अजून हायहॅटचा स्टँड एका पायाचा असल्यासारखा हलतो, त्याचा क्लच, म्हणजे वरची झांज धरणारा भाग, बदलायचा आहे, आणि नवरात्रानंतर जमले तर वीस इंची राइड घ्यायचा आहे.

काठ दुरुस्त केलेला फ्लोअर टॉम परत आला त्या संध्याकाळी आम्ही गोंधळातले आवाहन घेतले. शेडमध्ये आबांची जागा नेहमी दाराजवळ, ड्रमपासून सगळ्यांत लांब असे, कारण भाड्याच्या सेटच्या झांजांनी त्यांच्या कानाला त्रास होई. दुसरे कडवे संपले तेव्हा त्यांनी संबळ उचलला, घोंगडी काखेत मारली आणि हायहॅटच्या शेजारी येऊन बसले.